तेलाची सवय लागते का?

'सवय' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. चहाची सवय, पहाटे उठण्याची सवय, गोळीची सवय. एखादी गोष्ट अंगवळणी पडून तिचा परिणाम बोथट झाला तर ती सवय, आणि ती मिळाली नाही की जीव कासावीस होतो, तीही सवयच. डॉक्टर मंडळी या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. पहिलीला ते टॉलरन्स म्हणतात, दुसरीला डिपेंडन्स. आपल्या बोलण्यात मात्र दोन्ही एकाच टोपलीत पडतात. आणि औषधाचा गुण मुळातच आला नसेल किंवा आलेला गुण दुसऱ्याच कारणाने गेला असेल, तर तेही आपण त्याच टोपलीत टाकून मोकळे होतो: "अंगाला सवय झाली असणार!"

हा विषय डोक्यात घोळू लागला तो फोंड्याच्या मावशीमुळे. मावशी ७२ वर्षांची. गुडघे दुखायला लागून दहाएक वर्षे झाली. गेल्या खेपेच्या चवथीनंतर गुडघ्यांनी अगदीच मान टाकली. आठ-दहा दिवस पाटावर बसून नेवऱ्या करणे, आदोळीवर नारळ खोवणे, पाहुण्यांची ऊठबस. दुसरे काय होणार? कुणीतरी एका वैद्यांचे नाव सुचवले. त्यांनी चिठ्ठी लिहून 'विजया' तेल दिले. सकाळी पाच थेंब, रात्री पाच थेंब, जिभेखाली. विजया म्हणजे भांग, हे कळल्यावर मावशी आधी हबकली, मग हसली आणि मग तेल घेऊ लागली. महिन्याभरात म्हार्दोळला जाऊन देवीला प्रदक्षिणा घालून आली. पुढचे काही महिने फोनवर तेलाचे गुणगान. आणि मग श्रावणात फोन आला तो असा, "बाबा, हें तेल आतां गूण दिना रे. आंगाक संवय जाली दिसता. थेंबे चड घेवूं?"

या एका वाक्यात मावशीने निदान आणि उपाय दोन्ही सांगून टाकले होते. सवय झाली हे निदान, थेंब वाढवणे हा उपाय. निदान बरोबर असेल तर उपायाचा निदान विचार तरी करता येईल. ते चुकीचे असेल तर थेंब वाढवून काय हाती लागणार? म्हणून मी तिला थांबायला सांगितले आणि वाचायला बसलो.

औषधाची सवय हा प्रकार गोव्याला नवा नाही. पणजीत चर्चसमोरच्या बागेला ज्याचे नाव आहे, तो गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात भांगेवर एक संवाद आहे. आपले नोकर आपल्या नकळत भांग घेतात, तिच्यामुळे कामाचा शीण जाणवत नाही, मन खूश राहते आणि भूक लागते असे ते सांगतात, एवढे नोंदवून, आपण स्वतः ती चाखलेली नाही आणि चाखायची इच्छाही नाही, असे तो सांगतो. अफूवरच्या संवादात तो अहमदनगरच्या निजामशहाच्या एका खुरासानी चिटणिसाची गोष्ट सांगतो. हा गृहस्थ रोज तीन तोळे अफू खात असे. नवख्या माणसाचा जीव घेणारी ही मात्रा. चिटणीस डुलक्या घेत बसे, पण कामाचे विचारले की शहाण्यासारखा बोले. सवय माणसाला कुठवर नेते याचा हा नमुना ऑर्ताने साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून लिहून ठेवला.

त्या चिटणिसाच्या शरीरात काय घडले असेल ते आज आपल्याला बऱ्यापैकी कळते. पेशींवर रिसेप्टर नावाच्या जागा असतात. औषधाचा रेणू तिथे जाऊन बसतो आणि पेशीला काहीतरी करायला लावतो. एकाच जागी रोज तोच रेणू येऊन धक्के देऊ लागला की पेशी त्या जागा कमी करते किंवा त्यांची धार घालवते. मग तेवढ्याच परिणामासाठी जास्त औषध लागते. कॉफी याच्या उलट वाटेने जाते. ती काही रिसेप्टर अडवून धरते, म्हणून शरीर तसले जास्त रिसेप्टर तयार करते. दारूच्या बाबतीत यकृतसुद्धा हात धुऊन घेते, ती मोडून टाकणारी एन्झाइम वाढवते. आपल्याकडे रोज फेणी घेणाऱ्याला दोन पेले काहीच वाटत नाहीत आणि मुंबईहून आलेला पाहुणा एका पेल्यात आडवा होतो, त्यात हा भाग असतो.

आणि एकाच औषधाच्या सगळ्या परिणामांची सवय सारखी होत नाही. मॉर्फिन घेणाऱ्याची मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र सहसा पाठ सोडत नाही. शिवाय काही औषधांची अशी सवय होतच नाही. थायरॉइडची गोळी वीस वर्षे घेतली तरी तिचे काम ती करत राहते. तेव्हा 'रोज घेतले की सवय होणारच' हा नियम सरसकट खरा नाही. प्रत्येक औषधाला स्वतंत्रपणे विचारावे लागते.

आता भांगेच्या झाडाकडे येऊ. गोव्यात ही वनस्पती म्हटली की लोकांना सत्तरच्या दशकातले हणजुणेचे हिप्पी आठवतात. पण त्यांना हवे होते ते टीएचसी. मावशीच्या तेलात अपेक्षित असते ते मुख्यतः सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल. दोघे एकाच झाडाचे, आणि दोघांचे रासायनिक सूत्रही एकच: २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. अणूंची मांडणी थोडी वेगळी, आणि तेवढ्याने स्वभाव पार बदलतो. सीबीडी १९४० साली अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स यांनी वेगळे केले. त्याची नेमकी रचना १९६३ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम यांनी शोधली. पुढे १९९२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत, माणसाचे शरीर स्वतः तयार करते असा एक गांजासदृश रेणू सापडला. त्याचे नाव आनंदामाइड ठेवले गेले, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून.

टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ नावाच्या रिसेप्टरवर थेट जाऊन बसते, म्हणून त्याची सवय ठरलेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा मेंदूच्या बाहेरच्या थरात हे रिसेप्टर कमी झालेले दिसले. सुमारे चार आठवडे गांजा बंद ठेवल्यावर ते पुन्हा भरून आले. सीबीडीचे तसे नाही. ते सीबी-१ च्या त्या जागेवर घट्ट बसतच नाही. ते बाजूने त्याचे काम थोडे मंदावते आणि सेरोटोनिनच्या, वेदना-उष्णतेच्या अशा इतरही अनेक रिसेप्टरांशी थोडी थोडी लगट करते. ज्या दाराने टीएचसीची सवय आत शिरते, ते दार सीबीडी फारसे वापरत नाही.

हे झाले कागदावरचे. प्रत्यक्ष माणसांत काय दिसते? सीबीडीचा सर्वांत पक्का वापर आहे तो लहान मुलांच्या काही हट्टी फेफऱ्यांत. अमेरिकेत २०१८ साली ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या दोन आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता मिळाली. या मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षे पाहिले गेले तेव्हा झटके कमी झाल्याचा गुण एकंदरीत टिकून राहिला. यात एक मेख आहे. ज्यांना गुण आला नाही ते मध्येच औषध सोडतात, आणि उरलेल्यांचा हिशेब चांगला दिसतो. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी ९२ रुग्णांमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला: सीबीडीयुक्त तेलाची सवय होते का? बहुतेकांत झाली नाही, पण एका लक्षणीय गटात काही महिन्यांनी परिणाम उतरला किंवा मात्रा बरीच वाढवावी लागली. म्हणजे 'कधीच होत नाही' असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या सवयीबद्दल, म्हणजे सोडल्यावर जीव कासावीस होण्याबद्दल, उत्तर जास्त स्पष्ट आहे. निरोगी लोकांना चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम सीबीडी देऊन एकदम बंद केले, तरी व्यसन सुटतानाची लक्षणे दिसली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही शुद्ध सीबीडीत व्यसन लावण्याचा गुण दिसत नाही असाच निष्कर्ष काढला. (फेफऱ्याच्या रुग्णाने मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. तिथे व्यसनाचा प्रश्न नसतो, दबलेले झटके उसळून येण्याचा असतो.)

आता मावशीच्या गुडघ्यांकडे वळू. फेफऱ्याच्या त्या मुलांना दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम सीबीडी देतात. म्हणजे २० किलोच्या पोराला २०० ते ४०० मिलिग्रॅम. मावशीच्या ३० मिलिलिटरच्या बाटलीवर लिहिले होते, 'विजया अर्क १००० मिलिग्रॅम'. त्यात सीबीडी किती, हे लिहिलेले नव्हते. अर्क म्हणजे सगळे सीबीडीच असे मोठ्या मनाने धरले आणि मिलिलिटरला २० थेंब मोजले, तरी तिचे दहा थेंब म्हणजे दिवसाला १७ मिलिग्रॅमच्या आसपास. एवढ्याशा मात्रेची शरीराला सवय होऊन ती बोथट व्हावी, हे मला पटेना. म्हणून फोंड्याला गेलो आणि तिच्या शेजारी बसून एकेक गोष्ट विचारत गेलो.

पहिली गोष्ट बाटलीची. पहिल्या दोन बाटल्या एका कंपनीच्या होत्या. तिसरी वेगळ्याच कंपनीची, कारण दुकानात पहिली नव्हती. २०१७ साली अमेरिकेत इंटरनेटवरून ८४ सीबीडी उत्पादने विकत घेऊन तपासली गेली, तेव्हा लेबलाशी जुळणारी जेमतेम ३१ टक्के निघाली. ते आकडे तिथले, पण ज्या बाटलीवर सीबीडीचा आकडाच नाही तिच्याबद्दल काय बोलावे? एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीवर गेल्यावर गुण बदलला, तर त्यात अंगाचा काय दोष!

दुसरी गोष्ट पोटाची. आधी ती तेल न्याहारीनंतर घ्यायची. भाजी-पाव, कधी लोणी लावलेला उंडो, वर चहा. मग शेजारणीने सांगितले की औषध अनशापोटी घेतलेले बरे. तेव्हापासून पहाटे, पोटात काही नसताना. सीबीडी तेलात विरघळणारे, पाण्याशी त्याचे जमत नाही. पोटात गेलेल्या सीबीडीचा फार थोडा वाटा रक्तात पोचतो. तेच स्निग्ध जेवणाबरोबर घेतले तर रक्तातले प्रमाण चौपट-पाचपट होते, असे त्या मान्यताप्राप्त औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. मावशी थेंब जिभेखाली ठेवत असली तरी बरेचसे लाळेबरोबर गिळलेच जाते. तेव्हा थेंब तेवढेच राहिले, पण आत पोचणारे तेल घटले असणे शक्य आहे.

तिसरी गोष्ट दुखण्याची. सांधेदुखी भरती-ओहोटीसारखी असते. आपण औषध सुरू करतो ते दुखणे ऐन भरतीला असताना. मग ओहोटी लागतेच, आणि तिचे श्रेय औषधाला जाते. मावशीने तेल सुरू केले ते चवथीच्या कष्टांनंतर. त्यानंतरचे महिने तिने विश्रांतीत काढले. आता श्रावण, चवथीची झाडलोट सुरू, पाऊस, ओल. दुखणे परत चढले. यात तेलाने किती केले होते, हा प्रश्न खरे तर आधी विचारायला हवा. डेन्मार्कमध्ये हाताच्या सांधेदुखीच्या रुग्णांना तीन महिने रोज २० ते ३० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिले. खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांना अधिक आराम पडला नाही. ऑस्ट्रियात गुडघ्यांसाठी रोज तब्बल ६०० मिलिग्रॅम दिले, पॅरासिटामॉलच्या जोडीला. तिथेही खोट्या गोळीपेक्षा सरस काही हाती लागले नाही.

मावशीला हे सांगणे जड गेले. "म्हणजे माझा आराम खोटा होता का?" तिने विचारले. आराम खरा होता. ती म्हार्दोळला चालली ती स्वतःच्या पायांनी. फक्त तो कशाने आला, याचा हिशेब वेगळा लागतो, एवढेच मी म्हणालो.

थेंब वाढवण्याबद्दलही एक मजेची गोष्ट वाचनात आली. ब्राझीलमध्ये निरोगी पुरुषांना लोकांसमोर भाषण करायला लावले आणि आधी सीबीडी दिले. ३०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची घबराट कमी झाली. १५० ने तसे झाले नाही आणि ६०० नेही झाले नाही. जास्त घेतले म्हणजे जास्त गुण, हा आपला बाजारातला हिशेब या औषधाला लागू पडतोच असे नाही.

हे सगळे बोलणे चालू असताना मावशीने साडीचा पदर सावरला आणि मला तिच्या दंडावरचे निळे डाग दिसले. कुठे आपटली होती का? नाही. मावशीच्या हृदयात कृत्रिम झडप आहे आणि ती कित्येक वर्षे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेते. आपण तेल घेतो, हे तिने हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलेलेच नव्हते. "तें वखद खंय, तेल न्हय तें!" हे तिचे उत्तर. सीबीडी यकृतातल्या काही एन्झाइमांना अडवते, आणि वॉरफरिन मोडून बाहेर टाकणारी यंत्रणा त्यांतच येते. ती मंदावली की वॉरफरिन रक्तात साचते आणि रक्त नको तेवढे पातळ होते.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आयएनआर तपासला, तो साडेचारच्या वर निघाला. तिच्यासाठी ठरवलेली मर्यादा साडेतीनची. डॉक्टर शांतपणे म्हणाले, दोष एकट्या तेलाचाच असेल असे नाही, श्रावणात खाणेही बदलते, पण तेल आधी बंद करा. गोळीची मात्रा थोडी बदलली. दोन आठवड्यांनी आकडा जागेवर आला, डागही गेले. त्या दिवशी फोनवर मी "घे आणखी दोन-दोन थेंब" म्हटले असते तर काय झाले असते, हा विचार मी फार ताणत नाही. मेंदूत रक्तस्राव झालेली माणसे कुणी पाहिली असतील तर त्यांना तो ताणावा लागणार नाही.

तुमच्या घरातही असे तेल असेल. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस यांना बंदी घातली, पण नुसती पाने त्या व्याख्येबाहेर ठेवली. म्हणून पानांपासून केलेली विजयेची औषधे आयुर्वेदिक परवान्यावर मिळतात. नियमाप्रमाणे ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची असतात, आणि देखरेख म्हणजे चिठ्ठी एकदा लिहून घेणे नव्हे. ब्रिटनच्या अन्न खात्याने तर २०२३ साली निरोगी प्रौढांनाही रोज १० मिलिग्रॅमच्या वर सीबीडी घेऊ नये असा सल्ला दिला, आणि त्यामागे यकृताची काळजी होती.

तेव्हा तेल लागू पडेनासे झाले असे वाटले तर आधी चार गोष्टी पाहाव्यात. बाटली तीच आहे का? जेवणाबरोबर घेता की अनशापोटी? दुखण्याचा हंगाम बदलला का? आणि दुसरी कोणती गोळी चालू आहे, ते दोन्ही डॉक्टरांना ठाऊक आहे का? एका वहीत रोज दुखणे दहापैकी किती, एवढा आकडा लिहून ठेवला तरी महिन्याभरात पुष्कळ उलगडते. या सगळ्यातून गेल्यावरही गुण उतरलेलाच दिसला तर मग सवयीचा संशय घ्यावा, आणि तोही वैद्यांसमोर बसून.

मावशीचे म्हणाल तर ती आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम करते. फिजिओथेरपीच्या मुलीने शिकवलेला. दुखते अजूनही. यंदाच्या चवथीला नारळ खोवायला सुनेने आदोळी टेबलावर चढवून दिली, आणि मावशीने स्टुलावर बसून निम्मे नारळ खोवले. उरलेले मी खोवले, आणि त्यात खोबऱ्यापेक्षा करवंटीच जास्त आली म्हणून बोलणीही खाल्ली.